धुळे गाडी, ९००: एका उपकाराचा हिशेब

दाव्याच्या कागदांत मोबाइलच्या पडद्याचा एक छापील फोटो आहे. वेळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटं, रक्कम ९०० रुपये, शेरा ‘धुळे गाडी’. विमा कंपनीच्या वकिलांनी तो पुरावा म्हणून दाखल केला. पैसे पाठवणारा अर्जदार, म्हणजे ज्याची बायको त्यानंतर सव्वा तासाने अपघातात गेली तो. घेणारे माझे काका. आणि ९०० हा आकडा माझा.

मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. खर्चाचा हिशेब शिकवताना हे प्रकरण वर्गात सांगतो, कुणाचं नाव न घेता. इथेही नावं नाहीत. गाव बोरी नदीच्या काठचं, पारोळा आणि अमळनेरच्या मधलं, एवढं पुरे.

गाडी आणि गिरणी

काकांना सगळं गाव जिभाऊ म्हणतं, म्हणून मीही. नऊ एकर जमीन, कपाशी आणि मका, थोडी दादर ज्वारी. २०१५ साली त्यांनी कर्ज काढून बोलेरो घेतली. पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरगुती वापराची. गावात तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. एसटी दिवसातून दोनदा. १०८ची रुग्णवाहिका राज्यात २०१४पासून आहे आणि ती येतेही, पण तालुक्याहून निघते आणि आधीच दुसऱ्या फेरीवर असेल तर वाट बघावी लागते. धुळ्याला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. त्यामुळे बाळंतपण, साप चावणं, बारावीच्या पेपराला उशीर, नात्यातली मयत, लांबच्या गावी द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, जाणं, सगळ्याला एकच उपाय: जिभाऊंना फोन.

परत आल्यावर खाली उतरणारा माणूस विचारायचा, “कितला झायात जिभाऊ?” जिभाऊ म्हणायचे, “चाल, नींघ.” यापुढे संवाद व्हायचा नाही. आठ दिवसांनी ओट्यावर भरताची वांगी दिसायची. कुणी हरभऱ्याचे डहाळे आणून टाकायचं, कुणी वेचणीच्या दिवसांत दोन बाया जास्त पाठवायचं. एक म्हातारी विधवा दर वर्षी संक्रांतीच्या आसपास पायलीभर तुरीची डाळ देऊन जायची, भरडून पाखडून स्वच्छ केलेली. २०१६ साली तिच्या नातवाला धुळ्याला नेलं होतं, त्याची ती डाळ. पाच वर्षं येत राहिली.

शेजारी पिठाची गिरणी. गिरणीवाला दोन एकरांचा धनी, सकाळी शेतात, म्हणून अर्धा दिवस गिरणी त्याची बायको चालवायची. मी तिला वहिनी म्हणायचो. जिभाऊंच्या घरचं दळण तिने कधी मोजलं नाही. काकू डबा ठेवून यायची, पीठ घरी यायचं.

शहरातल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते म्हणतात, किती छान, पैशाचा संबंधच नाही. मला ते पटत नाही. पैसे नव्हते, हिशेब होता. लग्नाच्या मांडवात टेबल टाकून आहेराची वही लिहिणारी माणसं आम्ही. कुणी ५१ दिले, कुणी भांडं दिलं, सगळं नावनिशीवार. परत करताना थोडं चढवून करायचं ही रीत. मिळालं तेवढंच मोजून परत केलं तर म्हणतात, याने वही मिटवली. गाडीच्या उपकारांचीही अशीच वही होती, फक्त ती काकूच्या डोक्यात होती. दर ठरलेला नव्हता, फेडायची तारीख नव्हती आणि बाकी कधी शून्य होत नव्हती. त्या वहीची ताकद तीच होती.

तिचा अन्यायही तिथेच होता. गावाच्या टोकाला भिल्ल वस्ती आहे. २०१५ ते २०२१ या काळात तिथून जिभाऊंना एकही फोन आला नाही. आजारी तीही माणसं पडत होती. पण ज्याचं नाव आहेराच्या वहीत नाही तो उपकार कशाच्या जोरावर मागणार? हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आलं ते दर ठरवल्यामुळे.

दसऱ्याचा दर

२०२१चा दसरा, १५ ऑक्टोबर. सोनं देऊन-घेऊन झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. डिझेल त्याच आठवड्यात शंभरीपलीकडे गेलेलं. मागच्या महिन्यात जिभाऊंच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या, त्यातल्या चार रात्रीच्या. ते कुरकुरत नव्हते. कुरकुर काकूची होती, आणि ती मला सांगत होती, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी वाणिज्याचा माणूस. वहीचं पान फाडलं. डिझेल १०२ रुपये लिटर, गाडी बाराची सरासरी देते, म्हणजे किलोमीटरला साडेआठ. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग धरून अडीच. विमा आणि बाकीचं मिळून एक. एकूण १२ रुपये. धुळ्याच्या फेरीचे ९६० होतात, सांगायला सोपं म्हणून ९००. अमळनेर ३००. जळगाव १,३५०.

“आणि तुमचे?” मी विचारलं. “रात्री उठायचे, गाडी चालवायचे?”

“मी काय डायवर शे का?”

त्यांनी स्वतःचं एक रुपयाचंही मोल लावू दिलं नाही. मयतीला गाडी फुकट राहील, हेही त्यांचंच. मी तो दर टाइप करून गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला आणि खाली लिहिलं, ‘फक्त डिझेल-खर्च, नफा नाही.’ ते शेवटचं वाक्य मला तेव्हा फार प्रामाणिक वाटलं होतं.

पुढच्या सहा महिन्यांत जे झालं त्याचा मी अंदाज केला नव्हता.

फोन वाढले. पूर्वी माणूस दहादा विचार करायचा: एवढ्याशा तापासाठी जिभाऊंना उठवायचं का? आता तो विचार संपला. पैसे देतोय ना. लग्नाच्या बस्त्याला, पोराच्या क्लासच्या प्रवेशाला, एकदा तर विसरलेला चार्जर आणायला अमळनेरला. इस्राएलच्या हैफा शहरात युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांत असाच एक प्रयोग केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवण्याची लाज वाटायची, दंडाने त्या लाजेची पावती फाडून दिली. दंड काढून टाकला तरी उशीर होता तिथेच राहिला. मी हा प्रयोग वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होतो. ओट्यावर पेन्सिल चालवताना तो मला आठवला नाही.

डाळवाल्या म्हातारीने फोन करणं थांबवलं. तिच्याकडे डाळ होती, नऊशे नव्हते. त्या संक्रांतीला डाळही आली नाही, आणि ते बरोबरच होतं. दर लागल्यावर डाळ कशाची? एकदा नातू तापाने फणफणला तेव्हा ती सकाळच्या एसटीची वाट बघत फाट्यावर बसून राहिली. नातू बरा झाला. काकूला मात्र ते कळलं आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

भिल्ल वस्तीतून त्याच सहा महिन्यांत चार फोन आले. पहिल्या खेपेला एक तरुण बाप हातात तीनशे रुपये मोजून घेऊनच उभा होता. गाडीत बसताना त्याने मान खाली घातली नाही. उपकाराला जात असते, दराला नसते. माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल, आणि ते मी म्हणतो.

आणि गिरणी. दर लागल्यानंतर गिरणीवाला आईला घेऊन धुळ्याला गेला आणि त्याने ९०० दिले. पुढच्या आठवड्यात काकूचा डबा गेला तेव्हा वहिनीने तो पहिल्यांदा काट्यावर ठेवला. काकूने न बोलता पैसे काढून दिले. दोघींनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं. मग गोठ्यातलं ताक, पापडाचं लाटणं, उसनी साखर, एकेक गोष्ट काट्यावर आली. एका ठिकाणी दर लागला की शेजारच्या गोष्टीला दर नसणं हा तोटा दिसू लागतो. मी एका गाडीचा दर ठरवला होता. ठरला मात्र सगळ्या गल्लीचा.

२०२२च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ३ मेला, जिभाऊंनी दर मागे घेतला. गटात स्वतः बोलून संदेश टाकला: आजपासून कुणी पैसे देऊ नयेत. माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. पण लोक पैसे देतच राहिले. हातात घेत नाहीत म्हणून यूपीआयवर टाकू लागले. परत पाठवले तर पुन्हा टाकायचे. एकदा किंमत कळली की ती विसरता येत नाही.

आषाढातली रात्र

जुलै महिना. रात्री एक वाजता गिरणीवाल्याच्या आईच्या छातीत दुखू लागलं. त्या महिन्यातली त्याची ती तिसरी हाक. जिभाऊ, गिरणीवाला, वहिनी आणि म्हातारी असे चौघे निघाले. धुळ्याच्या दवाखान्यात म्हातारीला दाखल केलं, धोका टळला. दोन पोरं घरी एकटी, म्हणून वहिनीने जिभाऊंबरोबर परत यायचं ठरलं. दवाखान्याच्या फाटकाशी गिरणीवाल्याने फोन काढून ९०० पाठवले. जिभाऊंचा फोन खिशात वाजला, त्यांनी बघितलाही नाही.

साडेचारच्या सुमारास, महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागल्यावर, वळणावर वाळूची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. जिभाऊंनी स्टेअरिंग फिरवलं, पण वहिनीची बाजू आदळली. ट्रॉलीवाला अंधारात ट्रॅक्टरसकट पसार झाला आणि आजतागायत सापडलेला नाही. दुधाची गाडी घेऊन चाललेल्या एका माणसाने दोघांना उचलून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वहिनी वाटेतच गेली. वय ३४. जिभाऊंचा हात मोडला.

त्या दूधवाल्याचं थोडं सांगायला हवं. अपघातातल्या जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला पाच हजार रुपये बक्षीस, अशी केंद्र सरकारची योजना आहे. ती लागू झाली १५ ऑक्टोबर २०२१ला, म्हणजे नेमक्या आमच्या दसऱ्याच्या दिवशी. पुढे २०२५ साली ही रक्कम २५ हजार केली. मी त्याच्याकडे अर्ज घेऊन गेलो. त्याने सही केली नाही. “उद्या लोक म्हणतील, पाच हजारासाठी उचललं,” एवढंच म्हणाला. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी गिरणीवाल्याने त्याला टोपी, उपरणं आणि नारळ दिला. तो त्याने दोन्ही हातांनी घेतला. रक्तदानाच्या बाबतीत ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली हाच मुद्दा मांडला होता, की मोबदला ठेवला की देणाऱ्याच्या देण्याचा अर्थ बदलतो. तरी बक्षीस नसावं असं मी म्हणणार नाही. ज्याला पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते त्याचे पाय पाच हजाराने कदाचित हलतील. फक्त आमच्या दूधवाल्याचे आधीच हलले होते.

पाच की अठरा

माणूस गेला की कागद सुरू होतात. मी अर्ज लिहून देणारा पुतण्या, म्हणून सगळे कागद माझ्याकडे आले, आणि एका जिवाला किती वेगवेगळे दर आहेत ते मला तेव्हा सलग दिसलं. अज्ञात वाहनाने उडवून माणूस मेला तर दोन लाख. १ एप्रिल २०२२च्या आधी २५ हजार होते. शेतकऱ्याच्या घरचं माणूस वीज पडून किंवा साप चावून गेलं तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख. बँकेत वर्षाला वीस रुपये कापू दिले असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे दोन लाख. रेल्वे अपघातात आठ लाख. बिबट्याने मारलं तर आज महाराष्ट्रात २५ लाख. तीच बाई, तेच वय. गावातला एक पोरगा म्हणाला, मग बिबट्याच बरा. कुणी हसलं नाही.

यातला कुठलाच आकडा त्या बाईच्या मोलाचा नाही, एवढं सांगायला वाणिज्य लागत नाही. आकडा सांगतो तो पैसे देणाऱ्याविषयी: बिबट्या सरकारचा, साप कुणाचाच नाही.

मोटार वाहन कायद्यात गिरणीवाल्यासमोर दोन वाटा होत्या. कलम १६४, त्याच वर्षी एप्रिलपासून लागू झालेलं: चूक कुणाची हे सिद्ध न करता पाच लाख. तिथे गाडीमालकाला दोषी म्हणावं लागत नाही. दुसरी वाट कलम १६६ची: पूर्ण भरपाई, पण अर्जात लिहावं लागतं की चालकाने गाडी हयगयीने आणि भरधाव चालवली. १६४चे पैसे घेतले की १६६चा दावा संपतो. ट्रॉलीची चूक मोठी होती यात वाद नाही. मात्र दोघांच्या चुकीने तिसऱ्याचा जीव गेला तर वारसांना दोघांपैकी कुणाही एकाकडे पूर्ण भरपाई मागता येते, आणि सापडलेला एकच होता.

म्हणजे प्रश्न असा झाला: रात्री एक वाजता एका हाकेला उठलेल्या माणसाला आरोपी म्हणायचं का? न म्हणण्याची किंमत किती?

ती काढता येते. भरपाईची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालच्या सरला वर्मा आणि २०१७ सालच्या प्रणय सेठी या निकालांत पक्की केली आहे. पण पहिल्याच रकान्यात आम्ही अडलो: मासिक उत्पन्न. कंपनीचं म्हणणं, मयत गृहिणी, उत्पन्न शून्य. २००१ साली लता वाधवा प्रकरणात न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० धरलं होतं. २०२१च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे समोर ठेवले: घरच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७.

आमच्या वहिनीची मिनिटं मोजायला मी गिरणीवाल्याकडे बसलो. कधी उठायची? त्याला सांगता येईना. “माझ्या आधी,” म्हणाला. मग अकरा वर्षांची पोरगी मागून बोलली, “साडेचारला.” पुढचं सगळं तिनेच सांगितलं. पाणी, म्हशीची धार, दोन डबे, आजीची गोळी, नऊ ते एक गिरणी, दुपारी निंदणी नाहीतर वेचणी, संध्याकाळी पुन्हा गिरणी, रात्री शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल. मी लिहीत गेलो. गिरणीचा नोकर ठेवला तर किती, वेचणी किलोमागे किती, धार काढायला माणूस लावला तर किती. गिरणीवाला एका जागी म्हणाला, “एवढं ती करत होती?” तिच्या कामाची किंमत लावल्यामुळे ते काम त्याला पहिल्यांदा दिसलं. हिशेबावर चिडणाऱ्या मंडळींना मला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

वकिलांनी १२,००० मागितले आणि म्हणाले, आठ धरून चला. आठ हजारांत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवा: ११,२००. वर्षाचे १,३४,४००. ती स्वतःवर खर्च करायची असं मानून चौथा हिस्सा वजा, कारण मागे चार माणसं: १,००,८००. तिचं वय ३१ ते ३५ या गटातलं, म्हणून गुणक १६. झाले १६,१२,८००. त्यात नवरा आणि दोन पोरं यांना सहवास गमावल्याचे प्रत्येकी ४८,४००, अंत्यविधीचे १८,१५० आणि मालमत्तेच्या नुकसानीचे तितकेच. एकूण १७,९४,३००. व्याज वेगळं.

अठराला थोडे कमी विरुद्ध पाच. जिभाऊंना दोषी न म्हणण्याची किंमत जवळजवळ तेरा लाख, एका गिरणीवाल्यासाठी, दोन पोरांसमोर.

गिरणीवाला पाच घ्यायला निघाला होता. जिभाऊ मोडक्या हाताने त्याच्या ओट्यावर गेले. “लिही,” म्हणाले. “भरधाव होतो असं लिही. पैसा कंपनीना जाई, मना नही.” पोलिसांनी भादंवि ३०४अ, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवल्याचं कलम, लावलेलंच होतं. अर्ज १६६ खाली गेला. जिभाऊ सामनेवाला क्रमांक १.

भाडं की उपकार

जिभाऊंची पॉलिसी पूर्ण पॅकेजची होती. कर्ज देणाऱ्या बँकेने सुरुवातीला तशी घ्यायला लावली आणि कर्ज फिटल्यावरही त्यांनी ती बदलली नाही. नुसती थर्ड पार्टी असती तर खाजगी गाडीत बसलेल्या माणसाला त्यात संरक्षणच नसतं आणि हे प्रकरण तिथेच संपलं असतं.

कंपनीच्या लेखी जबाबात मात्र वेगळंच होतं. गाडी खाजगी, आणि ती भाड्याने चालवली जात होती. परवाना नसताना भाडं किंवा मोबदला घेऊन प्रवासी वाहणं हा पॉलिसीचा भंग, सबब कंपनी जबाबदार नाही. पुरावा दोन: माझं दरपत्रक, व्हॉट्सॲप गटातून काढलेलं, आणि ३ वाजून १२ मिनिटांची ती नोंद.

आम्ही म्हणालो, दर मे महिन्यातच मागे घेतला. कंपनी म्हणाली, मग पैसे का आले? आम्ही म्हणालो, नुसता डिझेल-खर्च. कंपनी म्हणाली, कायदा नफा विचारत नाही, मोबदला विचारतो. मला राग आला, पण ओट्यावर बसून मी स्वतः गावाला हाच प्रश्न घातला होता. नऊशे रुपये म्हणजे नेमकं काय? आमच्या गल्लीला सहा महिन्यांत ते ठरवता आलं नाही, कंपनीने एका परिच्छेदात ठरवलं.

वकिलांनी शक्यता समजावल्या. भंग सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, आणि पैसा खर्चापुरता होता हे आपल्या बाजूचं. पण निकाल उलटा गेला तर? एक तर कंपनी सुटेल आणि रक्कम जिभाऊंकडून वसूल करावी लागेल. किंवा न्यायाधिकरण सांगेल, कंपनीने आधी वारसांना द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. दुसऱ्या वाटेत गिरणीवाल्याला पूर्ण अठरा मिळतात आणि त्याचं काहीच जात नाही. जाते ती जिभाऊंची जमीन. ‘पैसा कंपनीना जाई’ हे जिभाऊंचं वाक्य ज्या आधारावर उभं होतं तो आधार त्या नऊशे रुपयांनी काढून घेतला.

२०२४च्या डिसेंबरात लोक अदालतीत तडजोड झाली. कंपनीने साडेबारा लाख द्यायचे आणि मालकाकडून वसुलीचा हक्क सोडायचा. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणजे माझ्या हिशेबाने गिरणीवाल्याने ५,४४,३०० रुपये सोडले, आणि सोडले ते बव्हंशी जिभाऊंच्या जमिनीसाठी. सही करायच्या आधी मी त्याला तो आकडा सांगितला. माझं कामच ते. तो म्हणाला, “हे जिभाऊंना सांगू नका.” मी सांगितलेलं नाही. जिभाऊ व्हॉट्सॲपवरचं लांब काही वाचत नाहीत, या भरवशावर इथे लिहितो आहे.

वर्गात एक मुलगी दर वर्षी विचारते, त्या ट्रॉलीला मागे पट्टी असती तर? पट्टी दोन-तीनशे रुपयांची. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली एक फरक दाखवला होता: ओळखीच्या एका माणसाचा जीव वाचवायला आपण काहीही देऊ म्हणतो, पण पुढे कुणाचा तरी, अजून माहीत नसलेल्या माणसाचा, जाण्याची शक्यता थोडी कमी करायला किती देणार, हा खरा प्रश्न कुणी विचारत नाही. वहिनीची किंमत आम्ही दोन वर्षं भांडून काढली. तालुक्यातल्या पाचशे ट्रॉल्यांना तीनशेची पट्टी लावायला दीड लाख लागतील. हा हिशेब मी ग्रामसभेत मांडला. ठराव झाला, टाळ्या झाल्या. आमच्या गावातल्या अकरा ट्रॉल्यांना पट्ट्या लागल्या, कारण त्या गिरणीवाल्याने स्वतः जाऊन लावल्या. वाळूच्या ट्रॉल्या ग्रामसभेला येत नाहीत.

एकदा मी त्याला विचारलं, दर बंद झाला होता, जिभाऊ पैसे घेत नव्हते, मग त्या रात्री नऊशे का पाठवले? मला वाटलं होतं, सवयीने, किंवा मिंधेपण नको म्हणून. तो दळणाचा डबा उतरवत होता. म्हणाला, “त्या महिन्यात तीनदा उठवलं त्यांना. चौथ्यांदा फोन करता यावा म्हणून.”

माझ्या तक्त्यात या कारणाला रकाना नव्हता. मी नऊशे रुपयांना झालेल्या फेरीचा खर्च समजत होतो. त्याने ते पुढच्या हाकेसाठी दिले होते. वांगी, डहाळे, पायलीभर डाळ, सगळं त्यासाठीच यायचं, पण त्यांच्यावर वेळ आणि शेरा छापलेला नसायचा.

बोलेरो दुरुस्त झाली. जिभाऊंचा हात पूर्ण वळत नाही, म्हणून रात्रीची फेरी आता बहुधा माझ्याकडे असते, निदान मी गावी असलो तर. वकिलांच्या सल्ल्याने मी गटात टाकलं आहे की गाडीसाठी कुणी एक रुपयाही पाठवू नये, पाठवल्यास परत केला जाईल. भिल्ल वस्तीतले फोन त्यानंतर पुन्हा थांबले. मी दोनदा जाऊन सांगून आलो की या. एकजण आला.

यंदा फेब्रुवारीत दादर निघाल्यावर एका सकाळी ओट्यावर अर्धं पोतं होतं. नाव नाही, निरोप नाही. कायद्याच्या दृष्टीने दादरही मोबदलाच ठरू शकते, असं मी जिभाऊंना म्हणालो आणि ते पोतं परत करायला हवं, पण कुणाला, असंही म्हणालो. काकूने पोत्याच्या तोंडाची शिवण बोटाने चाचपली, दोन टाके मोजले.

“मझार ठेवा,” ती म्हणाली. “कोनं शे ते मले माहीत शे.”

कुणाचं, ते तिने अजून सांगितलेलं नाही.